कोनशिला बास झाल्या, आता अक्षयनीवी काढा

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांच्या विकासाची बातमी पेपरात आली की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं ठरल्यासारखं होतं. आधी निळे झेंडे, मग जोडलेले हात, मग कुणातरी साहेबांचा फोटो आणि खाली 'जाहीर आभार'. दोन दिवसांत विषय थंड. मी दरवेळी तिथं एकच प्रश्न टाकतो आणि दरवेळी ग्रुप गप्प होतो. बांधून झाल्यावर हे सांभाळणार कोण, आणि त्याचा पगार निघणार कुठून?

मागच्या वेळी एकानं खासगीत मेसेज केला, "दादा, चांगलं होतंय तर तुम्ही कशाला खोडा घालता?" त्याला तिथं काही बोललो नाही. इथं सविस्तर लिहितो. लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. नवं मशीन आलं की नारळ फुटतो, फोटो निघतात, पेढे वाटले जातात. त्याच मशीनचं बेअरिंग वाजायला लागलं की ग्रीसच्या डब्यासाठी मला तीन सह्या गोळा करत फिरावं लागतं. त्यामुळे कुठंही कोनशिला दिसली की त्यावरची नावं वाचायच्या आधी माझी नजर पावसाचं पाणी कुठून काढलंय तिकडं जाते. सवयच लागली आहे, इलाज नाही.

आता डोंगरावर चला.

त्रिरश्मीवर 24 लेणी. पांडवलेणी म्हणा, त्रिरश्मी म्हणा, नाशिककराला वाट सांगावी लागत नाही. सकाळी अर्धं इंदिरानगर तिथं पायऱ्या चढून घाम काढत असतं. पण चढणाऱ्यांपैकी फार थोडे 10 नंबरच्या लेण्यात थांबतात, आणि थांबले तरी खांबांवरचे प्राणी बघून, सेल्फी काढून पुढं सटकतात. एकदा त्या व्हरांड्यात मान वर करून उभे राहा. मागच्या भिंतीवर, छताला लागून, ब्राह्मी अक्षरांच्या लांबच लांब ओळी आहेत. अक्षरं खोल आणि स्वच्छ. उन्हं तिरपी असली की खालूनसुद्धा एकेक अक्षर सुटं दिसतं.

हे लेणं उषवदातानं दिलं. दीनिकाचा मुलगा, क्षहरात राजा नहपानाचा जावई. साधारण 1900 वर्षांपूर्वीची गोष्ट. माणूस दानशूर होता आणि ते सांगायची हौसही त्याला दांडगी होती. तीन लाख गायी दिल्या, ब्राह्मणांना गावं दिली, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, सगळं भिंतीवर लिहून ठेवलंय. आजच्या फ्लेक्सवाल्यांचा हा पूर्वजच म्हणायला हरकत नाही. पण त्याच व्हरांड्यात, एका खोलीच्या दाराच्या वर, त्याचा आणखी एक लेख आहे. मी मेंटेनन्सवाला, मला तोच जास्त आवडतो.

वर्ष 42, महिना वैशाख. उषवदात म्हणतो, हे लेणं मी चारी दिशांच्या भिक्खुसंघाला दिलं, आणि सोबत 3,000 कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, अक्षयनीवी दिली. अक्षयनीवी म्हणजे कायमची ठेव. ती ठेवली कुठं, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडं, म्हणजे धंदेवाल्यांच्या संघांकडं. गंगापूर रोडनं पुढं गेलं की आजही गोवर्धन गाव लागतं, ते हेच असं मानतात. एका श्रेणीकडं 2,000, व्याज महिना शेकडा एक. दुसरीकडं 1,000, व्याज महिना शेकडा पाऊण. पुढं स्पष्ट लिहिलंय की ही कार्षापणं परत करायची नाहीत, फक्त व्याज भोगायचं.

आता हिशोब बघा. 2,000 वर शेकडा एक म्हणजे महिन्याला 20, वर्षाला 240. या लेण्यात पावसाळ्याला राहणारे भिक्खू 20, प्रत्येकाला चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, 12 कार्षापणं. 20 गुणिले 12, बरोबर 240. एक नाणं इकडचं तिकडं नाही. म्हणजे या माणसानं आधी खर्च काढला, मग व्याजाचा दर बघितला आणि त्यावरून मुद्दल ठरवलं. दुसऱ्या ठेवीचं व्याज भिक्खूंच्या इतर गरजांना, आणि वर कापूर आहारातल्या (आहार म्हणजे तेव्हाचा जिल्हा) चिखलपद्र गावची 8,000 नारळीची झाडं. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवून घेतलं, हेसुद्धा त्याच लेखात आहे.

आमच्याकडं इतका चोख प्रस्ताव नेला तर मॅनेजर उभा राहून टाळ्या वाजवेल.

आणि हा काही एकट्या राजजावयाचा नाद नव्हता. त्याच लेण्याच्या अंगणात अभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाची शक उपासिका आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी पैसे ठेवते. एकाच ठिकाणी नाही. थोडे तेल्यांच्या श्रेणीकडं, थोडे पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडं, आणखी थोडे दुसरीकडं. एक बुडाली तर दुसरी आहे. आमची आई भिशी, पोस्ट आणि गव्हाचा डबा या तिन्हीत पैसे वाटून ठेवायची, तीच अक्कल.

तीन नंबरच्या लेण्यातली गोष्ट तर कुठल्याही सरकारी ऑफिसात फ्रेम करून लावावी अशी. लोकांना तिथला गौतमी बलश्रीचा मोठा लेख माहीत असतो, मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो. पण त्याच व्हरांड्यात वर्ष 24 चा एक छोटा आदेश आहे. राजा आणि राजमाता गोवर्धनच्या अमात्याला कळवतात की ककडी गावातलं जे शेत आम्ही इथल्या भिक्खूंना दिलं होतं ते कसलं जात नाही, गावही ओस पडलंय. म्हणून आता नगराच्या शिवेवर आमच्या, म्हणजे राजाच्या, मालकीची जमीन आहे, तिच्यातून 100 निवर्तनं द्या. निवर्तन म्हणजे जमिनीचं तेव्हाचं माप.

म्हणजे दान दिल्यावर कुणीतरी जाऊन बघून आलं होतं. शेत पडीक आहे हे वर कळवलं होतं. आणि वरून "आम्ही दिलं होतं, आता तुमचं तुम्ही बघा" असं उत्तर न येता दुसरी जमीन आली. दिलेलं उपयोगी पडतंय का, हे देणारा पुन्हा तपासतो, याचा लेखी पुरावा आपल्या नाशिकच्या डोंगरावर आहे आणि आपण उद्घाटनानंतर वर्षभरात बंद पडलेल्या कारंज्याकडं बघत उभे राहतो.

अजिंठ्याचं उदाहरण घ्या. वाहनं फर्दापूर फाट्याला थांबवायची आणि तिथून बसनं न्यायचं, ही योजना शहाणपणाची. लेण्यांच्या तोंडाशी धूर जात नाही. पण त्याच प्रकल्पात फाट्याजवळ मोठं अभ्यागत केंद्र बांधलं, आत लेण्यांच्या प्रतिकृती वगैरे केल्या, 2013 मध्ये सुरू केलं, आणि काही वर्षांत ते वीज-पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी बंद पडलं. बांधायला जपानचं कर्ज मिळालं, बिल भरायला कुणी मिळालं नाही.

बाहेर लुंबिनी बघा. 1967 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट तिथं आले, त्यानंतर चक्रं फिरली आणि 1978 मध्ये केंझो टांगे या जपानी वास्तुरचनाकाराचा आराखडा पक्का झाला. त्यातला मला पटलेला भाग एवढाच, की मायादेवी मंदिर आणि अशोकस्तंभाभोवती मोकळी बाग ठेवली, देशोदेशीचे विहार लांब उत्तरेला नेले, हॉटेलं त्याहून लांब. प्रत्येकाला बुद्धाच्या पायाशीच प्लॉट पाहिजे असतो. तिथं आराखड्यानं तरी 'लांब' म्हटलं.

आपल्याकडं डोंगरावर सुदैवानं कुणाला फार काही करता येत नाही. राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे, भोवतीच्या 100 मीटरमध्ये बांधकामाला बंदी, पुढच्या 200 मीटरवर नियंत्रण. म्हणून सगळा उत्साह पायथ्याला उतरतो. पायथ्याशी बुद्धस्मारकाचा तो मोठा पांढरा घुमट आहे, शेजारी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक, तिकडं नेहरू वनोद्यान. 2023 च्या ऑक्टोबरात श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या महाबोधी वृक्षाच्या फांदीचं रोपण झालं. अशोकाची लेक संघमित्रा बोधगयेहून जी फांदी तिकडं घेऊन गेली, तिच्याच वंशातली फांदी गोदेच्या काठी परत आली, ही काही साधी गोष्ट नाही. मी त्या गर्दीत होतो. माझ्या अंगावरही काटा आला, खोटं कशाला बोलू.

पण झाड लावतानाचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहेत. एप्रिल-मेमध्ये त्याला पाणी घालणाऱ्याचा फोटो कुणाकडं असेल तर टाका खाली. मला त्या माणसाचे जाहीर आभार मानायचे आहेत.

पाण्यावरून आठवलं. मागच्या बुद्धपौर्णिमेला आत्याला वर घेऊन गेलो. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखरे, तरी पांढरी साडी नेसून सकाळपासून तयार. अर्ध्या पायऱ्यांवर तीनदा बसली. वर पोचल्यावर तिला पाणी पाहिजे होतं आणि आमची बाटली वाटेतच संपलेली. ती एका पोढीच्या काठाशी टेकली. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं टाकं, उषवदाताच्या लेखातही पोढ्यांचा उल्लेख आहे, लेण्यासोबत त्या पण मी केल्या म्हणून. आत हिरवट पाणी, वर शेवाळ, एक चिप्सचं पाकीट तरंगत होतं. आत्या म्हणाली, "एवढं पाणी हाये रे बाळा, अन् प्यायला थेंब नाही."

मी तिला त्या लेखाबद्दल सांगितलं. राजाच्या जावयानं लेणं दिलं, पाण्याची टाकी दिली, साधूंच्या कपड्यांचे पैसेसुद्धा व्याजाला लावून दिले. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग त्यो जावई बरा व्हता की."

शेवटी शेजारच्या एका पोरानं त्याची बाटली पुढं केली. कॉलेजचं पोर होतं, आत्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

आता थोडं आपल्याच लोकांबद्दल, आणि हे वाचून काही जण चिडतील. लेण्यात मेणबत्त्या लावू नका. बाहेर, खाली, स्मारकात, जिथं सोय आहे तिथं लावा. दगडावर काजळी बसते ती निघत नाही. भिंतीवर नावं कोरणारे सगळेच बाहेरचे असतात असंही समजू नका, मी वाचलेली काही नावं आपल्याच गल्लीतली आहेत. आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पायथ्याशी डीजे लावून आपण नेमकं कुणाला ऐकवतो? त्या दिवशी वर बसून कुणाला पाच मिनिटं डोळे मिटायचे असतील तर ते जमू नये, एवढीच त्याची करामत.

हे हक्कानं लिहितोय, कारण या डोंगरावर आपला हक्क फार जुना आहे. याच शहरात 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब होते, दिंडोरी तालुक्यातले दादासाहेब गायकवाड होते. आमच्या आजोबांच्या पिढीनं एका दारासाठी वर्षानुवर्षं मार खाल्ला आणि दार काही उघडलं नाही. मग 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात धर्मांतराची ती घोषणा झाली. आणि त्याच नाशिकच्या वेशीवर हा डोंगर उभा, जिथं लेणी देणाऱ्यांची यादी वाचली तर चक्रावून जायला होतं. राजमाता आहे, राजाचा जावई आहे. पण मुगूदास नावाचा दासक आहे, म्हणजे मासेमारी करणारा, त्याचंही लेणं आहे, कुटुंबासकट नाव लिहून. इंद्राग्निदत्त नावाचा उत्तरेकडून आलेला यवन, म्हणजे ग्रीक, आहे, धर्मदेवाचा मुलगा. शक लेखनिक आहे, व्यापारी आहे, भिक्खुणी आहे. 18 नंबरच्या चैत्याच्या दारावर तर धंभिक गावचं दान असं लिहिलंय, अख्ख्या गावानं वर्गणी काढलेली. एकाही ठिकाणी 'यांनाच प्रवेश' अशी ओळ नाही. म्हणून तर हे आपलं तीर्थ. पुतळा किती फुटी बसवला यावर ते ठरत नाही.

आणि 20 नंबरला वासूचा लेख आहे, महासेनापती भवगोपाची बायको. बोपकी नावाच्या यतीनं सुरू केलेलं लेणं बरीच वर्षं अर्धवट पडून होतं, ते हिनं पुरं केलं आणि संघाला दिलं. दुसऱ्याचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करून, वर भिंतीवर आधी सुरू करणाऱ्याचंही नाव लिहायचं. आजच्या किती पुढाऱ्यांना जमेल? मागच्याच्या काळातलं काम म्हटलं की बजेटच आटतं.

साफसफाईला आपल्याकडं कुणी विकास म्हणत नाही. पण 2021 आठवा. कॅप्टन डेलामेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1823 मध्ये या लेण्यांची नोंद केली, त्यानंतर जवळपास दोनशे वर्षं अभ्यासक आले, मोजमापं झाली, लेख वाचले गेले. आणि 2021 मध्ये पावसाळ्याच्या आधीची नेहमीची साफसफाई सुरू असताना आणखी लेणी उजेडात आली. मोठा प्रकल्प नाही, टेंडर नाही. पाण्याचा निचरा मोकळा करायला गेलेल्या माणसांना सापडली. माझ्यासारख्याला यापेक्षा गोड बातमी ती कुठली.

तर माझं म्हणणं असं आहे. पायथ्याला पुढचं जे काही मंजूर होईल, घुमट असो, उद्यान असो, लाइट शो असो, त्याच्या मंजुरीतच एक हिस्सा ठेव म्हणून बाजूला काढायचा आणि मुद्दलाला हात लावायचा नाही. समजा 10 कोटींचं काम आहे. 8 कोटींचं करा, 2 कोटी ठेवा. 7 टक्के धरले तर वर्षाला 14 लाख. त्यात महिना 25,000 पगारावर चार माणसं बसतात, 12 लाख. उरलेल्या 2 लाखांत मोटार, नळाच्या तोट्या, दिवे, झाडू. चार माणसांनी काय काय होईल याचा विचार करा. एक जण नुसता पाण्याचा. दोघं आपल्याच वस्तीतली शिकलेली पोरं, ब्राह्मी वाचायला शिकवलेली, जी वर येणाऱ्याला सांगतील की 10 नंबरमध्ये मान वर करा. ब्राह्मी काही अवघड नाही, महिनाभरात अक्षर ओळख होते, नाशिकमध्ये हौसेनं शिकणारे आहेत.

महागाई व्याज खाऊन टाकेल, हे मला माहीत आहे. विणकरांची श्रेणीही आज नाही आणि ती 3,000 कार्षापणंही नाहीत. मुद्दल दर काही वर्षांनी वाढवावं लागेल, त्यासाठी दानपेटी आहे, आपण आहोत. आणि हिशोब भिंतीवर लावायचा. अक्षरशः भिंतीवर, पायथ्याशी बोर्ड करून: जमा इतके, खर्च इतका, शिल्लक इतकी. उषवदातानं निगमसभेत वाचून दाखवलं होतं, आपल्याला दर बुद्धपौर्णिमेला माइकवर वाचायला काय झालं?

"आपल्या लोकांकडून असलं चालत नाही" असं कुणी म्हणायच्या आत सांगतो, इगतपुरीला धम्मगिरीत जाऊन या. 1976 पासून तिथं विपश्यना शिबिरं चालू आहेत. राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाहीत, आधी शिबिर केलेल्यांनी पुढच्यांसाठी दिलेल्या दानावर चालतं. स्वयंपाकघरात, झाडलोटीला सेवक असतात, तेही शिबिर केलेलेच. आपल्याच जिल्ह्यात, इतकी वर्षं. तिथल्या शिस्तीबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणो, पण तिथलं संडास-बाथरूम बघून या आणि मग बोला.

दुसरा आक्षेप येईल की पैसा कुठाय. 2027 च्या सिंहस्थासाठी शहरात हजारो कोटींची कामं सुरू आहेत, रस्ते खोदलेत, पूल होताहेत. होऊ द्या, शहराला उपयोग आहे. पण मुंबईकडून येणारा भाविक हायवेनं येताना हा डोंगर बघणारच, आणि त्यातले बरेच जण पायऱ्या चढणार. उषवदातानं ब्राह्मणांना आणि भिक्खूंना एकाच हातानं दिलं होतं. तेव्हा त्या निधीतून 2 कोटींची ठेव मागताना लाजायचं कारण नाही.

आता काम. या पोस्टखाली फुलांचे इमोजी नकोत. मित्रयादीत दोन-तीन सीए आहेत, एक निवृत्त लेखापरीक्षक काका आहेत, त्यांनी एवढं सांगावं: महापालिकेच्या किंवा ट्रस्टच्या नावानं अशी ठेव ठेवायची, की मुद्दल कुणाच्याही सहीनं मोडता येणार नाही आणि व्याज फक्त देखभालीला जाईल, तर त्यासाठी कायद्यात कुठला मार्ग आहे? वकील मंडळींनी मसुद्याला हात लावला तर फारच उत्तम. खर्चाची एक्सेल शीट मी करून ठेवली आहे, तीत शेवाळ काढायचा ब्रश आणि पोढ्यांवर बसवायच्या जाळ्यासुद्धा धरल्या आहेत, त्या बसवायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागेल तो अर्जही लिहून ठेवलाय. पाहिजे त्यानं इनबॉक्सला या. आणि खासगीत मेसेज करणाऱ्या त्या भावानं आधी यावं, त्याचे पुढाऱ्यांकडं चांगले संबंध आहेत.

जय भीम.